अलेप्पोची माता आणि तिची अकरा पिल्ले

सीरियातील अलेप्पो शहराजवळच्या एका गव्हाच्या शेतात १२ एप्रिल १९३० रोजी मजूर खणत होते. सुमारे ८ फूट खोल गेल्यावर घरटे लागले. त्यात सोनेरी केसांची एक मादी व तिची ११ पिल्ले होती. हा प्राणी हॅमस्टर होय. उंदराच्या जातकुळीतला, आखूड शेपटीचा आणि गालांतील पिशव्यांत दाणे भरून बिळात कोठार करणारा. वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच अलेप्पोच्या एका नमुन्यावरून त्याचे वर्णन केले होते.

या खणण्यामागे कुतूहलापेक्षा मोठी निकड होती. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर काळ्या आजाराच्या वर्गातील रोगांचा अभ्यास करीत. बंगाल, आसाम व बिहारमध्ये या आजाराने किती घरे ओसाड केली, हे आपल्याकडे निराळे सांगावयास नको. प्रयोगांना चिनी हॅमस्टर उपयोगी पडे, परंतु तो पिंजऱ्यात वीत नसे, त्यामुळे प्रत्येक वेळी नवे प्राणी चीनहून आणावे लागत. तेव्हा जवळपासचा एखादा हॅमस्टर शोधण्याचे काम प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांच्याकडे आले.

माता व पिल्ले पेटीत ठेवली गेली आणि तेथेच अनर्थ घडला. जे पिल्लू सर्वांत जवळ आले, त्याचेच मुंडके मातेने तोडले. ही आता सर्वांनाच मारणार, असे समजून अहारोनींच्या वाटाड्याने तिला सायनाइडच्या बाटलीत टाकले. अहारोनींनी आपल्या आठवणींत मात्र त्या कृत्यात मातृप्रेमच पाहिले. माणसाच्या हाती पडण्यापेक्षा लेकरू मेलेले बरे, असे तिला वाटले असावे, ही त्यांची कल्पना. कल्पना हृद्य आहे, पण प्राण्याच्या मनात माणसाचे तत्त्वज्ञान घालणारी आहे. वाटाड्याचा निवाडाही घाईचाच. छप्पर उडालेले, बीळ फुटलेले, भोवती परका वास. अशा वेळी नुकतीच व्यालेली हॅमस्टर असेच करू शकते. अपुरे अन्न किंवा पहिलटकरपण हीदेखील कारणे असतात. इतकेच नव्हे, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या १९७७ च्या अभ्यासात असे दिसले की, माता काही पिल्ले खाऊन आपल्या वेताची संख्या आवरते. तो तिच्या संगोपनाचाच एक भाग असतो.

म्हणूनच हॅमस्टर पाळणाऱ्याला आज पहिला उपदेश केला जातो तो हात आवरण्याचा. गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा. दिवस भरत आले की नराला वेगळे करावे, घरट्यासाठी मऊ कागद वा गवत द्यावे; दोरे सुटणारा कापूस नको, तो इवल्या पायांत गुंततो. पिल्ले जन्मतात ती दोन-तीन ग्रॅम वजनाची, आंधळी, केसरहित, पण दात घेऊन! त्यानंतर दहा-बारा दिवस घरटे उघडू नये, पिल्लांस शिवू नये, पिंजरा धुऊ नये. दाणा-पाणी मात्र भरपूर असावे, व दुधासाठी झिजणाऱ्या मातेला उकडलेल्या अंड्यासारखे पौष्टिक काही थोडे द्यावे. घाबरलेली माता पिल्ले गालांच्या पिशव्यांत भरून पळते. तेव्हा तिला पकडू पाहणे म्हणजे पिल्ले गुदमरविणे. डोळे सुमारे १४ दिवसांनी उघडतात, पण त्याआधीच पिल्ले चाचपडत दाणे कुरतडू लागतात. तीन आठवड्यांत दूध सुटते. मग नर-माद्या लवकर वेगळ्या कराव्यात, कारण ही जात वयात येण्यास उशीर लावीत नाही.

यांतले काहीच अहारोनी दांपत्यापाशी नव्हते; त्यांनी ती दहा पिल्ले हातांनी वाढविली. पुढे स्कोपस टेकडीवरील विद्यापीठाच्या प्राणिगृहात लाकूड कुरतडून काही निसटली आणि शेवटी मोजकीच उरली. तेथील बेन-मेनाहेम यांनी मोठा जाळीचा पिंजरा दाबून गवताने भरला, वर जेमतेम दोन इंच प्रकाशाला जागा ठेवली, आधी मादी व एक-दोन दिवसांनी नर सोडला. गवतातून वाट काढीत दोघे भेटले आणि कैदेत वीण झाली! वर्षभरात संख्या दीडशेच्या घरात गेली. भीती घालविणारा अंधार व आडोसा एवढेच त्या प्राण्याला हवे होते, हे त्या प्राणिगृहात उमगले. अलेप्पोच्या शेतात ते कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

१९३१ मध्ये अ‍ॅडलर यांनी काही हॅमस्टर कोटाच्या खिशांत लपवून इंग्लंडला नेले. तेथून ते जगभर पसरले. १९७१ मध्ये मायकेल मर्फी या अमेरिकनाने सीरियातून आणखी १२ जिवंत आणले, तरी आज जगात पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्या एका वेताचेच वंशज आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत काळ्या आजारावरील औषधांची पारख याच जातीवर होत आली आहे. अलेप्पोच्या आसपासच्या शेतांत मात्र तो पिकांचा चोर म्हणून मारला जातो, आणि रानातील त्याची गणना धोक्यातील प्राण्यांत होते.