पडदा गोठेपर्यंत

लॅपटॉप काल्पनिक; दोष मात्र लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांना खरोखर छळून गेलेला.

सकाळी ९.००
मशीन सुरू, मेमरी मोकळी. प्रत्येक फ्रेमसाठी ड्रायव्हर आपलं लॉक घेतो आणि ते हातात असतानाच 'जीएफपी_कर्नल' म्हणून मेमरी मागतो. म्हणजे, नसेल तर थांबतो, कुठूनही काढून द्या. मुबलक असल्याने लगेच मिळते. रात्रीचं सगळं इथेच ठरलं आहे.

दुपारी १.००
टॅब वाढले. बाकी काही नाही.

संध्याकाळी ६.३०
मेमरी आटली. केस्वॅपडी हा थ्रेड जागा होऊन आवराआवर करू लागला. तो ड्रायव्हरच्या श्रिंकरलाही सांगतो, रिकामे पडलेले बफर सोड. श्रिंकरला तेच लॉक लागतं. क्षणभर थांबून मिळालं.

रात्री ११.४२
व्हिडिओ चालू, मागे कंपाइल चालू. केस्वॅपडी पुरा पडेना. फ्रेमवाल्या थ्रेडने लॉक घेतलं, मेमरी मागितली, मिळाली नाही. मग कर्नलने आवराआवर त्याच्याच गळ्यात घातली. तो श्रिंकरमध्ये शिरला, श्रिंकर लॉकची वाट बघत बसला. लॉक होतं त्याच थ्रेडकडे. म्युटेक्स प्रकारचं हे लॉक लिनक्समध्ये स्वतःच्या मालकालाही दुसऱ्यांदा मिळत नाही.

११.४३
केस्वॅपडी त्याच लॉकवर अडकला. मेमरी मागणारे इतरही एकेक करून तिथेच. मेमरी संपली की एखादा प्रोग्राम मारणारा ओओएम किलर तरी यावा? आवराआवर हात हलवत परतली तरच त्याला बोलावणं जातं, आणि इथे ती परततच नाही.

११.४६
'१२० सेकंदांहून अधिक काळ अडकलेला टास्क' अशी कर्नलची तक्रार. सोबतचा स्टॅक खालून वर वाचला की सगळं कळतं: ड्रायव्हर, मेमरी, श्रिंकर, लॉक. वाचायला पडदा चालू हवा, एवढंच. पॉवर बटण दाबून धरलं.

दुसरा दिवस
दुरुस्ती करताना पहिला मोह कसरतीचा: लॉकखाली न थांबणारी मागणी करा, फसली तर लॉक सोडा, मेमरी आणा, पुन्हा लॉक घ्या, मधल्या काळात काय बदललं ते तपासा. चुका होतात त्या याच वाटेवर. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरात तर 'हे लॉक माझ्याकडेच आहे का?' असं विचारणारी युक्तीही होती. त्यापेक्षा किती लागेल ते आधी मोजावं, लॉक घेण्यापूर्वीच मेमरी घ्यावी, लॉकखाली फक्त भरावी, उरलेली नंतर परत करावी. कोड घटतो आणि वाचताही येतो.

लॉकडेप हा तपासनीस २००६ पासून कर्नलमध्ये आहे. आवराआवरीलाही तो लॉक समजतो, त्यामुळे प्रत्यक्ष अडकण्याची वाट न पाहता साडेसहालाच ओरडला असता. पण त्याने मशीन मंदावतं, म्हणून लोकांच्या रोजच्या कर्नलमध्ये तो सहसा बंदच असतो.