शस्त्रक्रियेचा क्रमांक

आजाराला नाव असते हे आपण जाणतो. परंतु शस्त्रक्रियेला क्रमांकही असतो, आणि त्या क्रमांकावर पेण-रोह्याच्या एखाद्या गरीब बाईचे उपचार अवलंबून असतात, हे सहसा ध्यानात येत नाही. त्या क्रमांकाचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

प्रथम मोजले गेले ते मरण. 1893 साली शिकागो येथे बर्तियों या फ्रेंच पंडिताने मृत्युकारणांची यादी मांडली. 1948 साली जागतिक आरोग्य संघटनेने ती हाती घेऊन तीत आजारही घातले. शस्त्रक्रियांची पाळी मात्र उशिरा आली. त्या फार झपाट्याने वाढत होत्या. 1809 साली अमेरिकेत मॅकडॉवेलने, भूल देण्याची विद्या नसताना, एका बाईच्या बीजकोशाची साडेबावीस पौंडांची गाठ काढली. 1898 साली व्हिएन्नात व्हर्थाइमने कर्करोगासाठी गर्भाशय व भोवतालचा भाग काढण्याची पद्धत सुरू केली. 1948 साली न्यूयॉर्कच्या ब्रुन्श्विगने गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय एकत्र काढल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आता ही एक शस्त्रक्रिया म्हणावी, की तीन?

1966 साली अमेरिकन वैद्यक संघाने, आणि 1978 साली जागतिक आरोग्य संघटनेने, शस्त्रक्रियांची वर्गवारी छापली. तिच्यामागचे तत्त्व साधे आहे. शस्त्रवैद्याने लिहिलेली नोंद वाचावी. गाठ कोठली, कोणते अवयव काढले, कोणते जोडले, हे पाहावे. मुख्य क्रियेचाच जो भाग, तो वेगळा मोजू नये. जे स्वतंत्र काम, ते गाळू नये. दुप्पट मोजले तर सार्वजनिक पैशाची लूट होते. कमी मोजले तर रुग्णालयाला तोटा येतो, आणि मग असे अवघड रुग्ण घेण्यास ते नाखूश होते. शेवटी दोन्ही चुकांचा भार रुग्णावरच पडतो.

हा प्रश्न आपल्या दारी आला तो 2 जुलै 2012 रोजी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. तेव्हा पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबास वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते आणि 972 उपचारांची ठराविक यादी होती! 2013 च्या नोव्हेंबरात ती राज्यभर पसरली. 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले. उपचारापूर्वी मंजुरी मागताना यादीतला क्रमांक लिहावा लागतो. ओटीपोटातली गाठ मूत्राशयाला चिकटलेली आहे, हे पुष्कळदा पोट उघडल्यावरच कळते. मंजुरी मात्र आधीची असते. म्हणून बदललेल्या कामाची नोंद त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत होणे अगत्याचे.

यादी माणसांनी केली आहे. ती अपुरी पडेल, वाढेल. आपण नागरिकांनी एवढे करावे: शस्त्रक्रियेच्या नोंदीची आणि गाठीच्या तपासणी-अहवालाची प्रत मागून घ्यावी व जपून ठेवावी. पुढच्या डॉक्टरला तो क्रमांक फारसा सांगणार नाही. ती नोंद सारे सांगेल.