माळ्यावरची भांडी

अम्माचा चाळिसावा झाला आणि आम्ही तिघं भावंडं तिच्या खोलीतला माळा रिकामा करायला बसलो. मी शिडीवर, धाकटी बहीण खाली, आणि भाऊ वही घेऊन मोजायला. तासाभरात भावानं वही मिटली. वाट्या एकाहत्तरपर्यंत मोजल्या होत्या त्यानं. फुलपात्रं, ताटल्या, तांबे, झाकण्या, डबे, डब्यांत डबे, आणि सगळ्यांत धाकट्या डब्यात चमचे. शेवटची दहा वर्षं अम्मा त्या घरात एकटीच राहत होती. रोजच्या वापरात तिची दोन पातेली, एक तवा आणि एक ताटली.

सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, गोणपाटात गुंडाळलेला एक पितळी हंडा निघाला. त्याच्या गळ्याखाली नाव घातलेलं होतं. ते नाव आमच्या घरातलं नव्हतं.

हंड्याचं नंतर सांगतो. आधी प्रश्न असा, की इतकी भांडी आपल्या घरांत आली कधी आणि कशी? कारण असा माळा फक्त आमच्याकडे आहे असं नाही. आपल्यापैकी बहुतेकांकडे तो आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता, पण लढाया आणि तह पाठ करताना भांड्यांचं कुणी काही विचारलं नव्हतं.

खेड्यातल्या साध्या घरात एके काळी धातूचं भांडं म्हणजे मोजून दोन-चार. बाकी सगळं कुंभाराकडचं. पाण्याचा डेरा, धान्याची उतरंड, कालवणाचं मडकं, दुधाचं गाडगं. एकोणिसाव्या शतकात हे चित्र हळूहळू पालटलं. पूर्वी तांबटाला धातू वितळवून, लादी ठोकून ठोकून पत्रा करावा लागे. त्यातच अर्धा जीव जायचा. पुढे युरोपातून तांब्या-पितळेचे तयार पत्रे जहाजानं मुंबईला उतरू लागले आणि रेल्वेनं आत पोचू लागले. परदेशी मालानं आपले कारागीर बुडाले असं आपण सरसकट म्हणतो. सूत कातणाऱ्या बायांच्या बाबतीत ते खरंही आहे. तांबटांचं मात्र उलटं झालं. आयता पत्रा मिळाल्यानं त्यांचं काम वाढलं, भांडं स्वस्त झालं, आणि ज्या घरात पूर्वी मडकं होतं तिथे कळशी आली. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, नाशिकचा भांडीबाजार, विदर्भात भंडारा, मुंबईत पायधुणीजवळचा तांबाकांटा, ही सगळी त्या ठोक्यांची गावं. तांबट आळीत हातोडीनं भांड्यावर एकसारखे ठसे उमटवण्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी तांबं घट्ट होतं आणि भांडं टिकतं. नक्षी हा त्यातला वरकड फायदा.

आणखी एक कारण होतं, ते जरा अवघड आहे. मातीचं भांडं विटाळलं की फोडायचं, धातूचं घासून किंवा विस्तवावर धरून शुद्ध करता येतं, अशी समजूत होती. शिवाशिव पाळणाऱ्या समाजात धातूच्या भांड्याला मान मिळाला तो यामुळेही. आणि याच समजुतीवर आमचं घर चाललं. माझे अब्बा कल्हईवाले होते.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. ताक हिरवट होतं, आमटीला चव येते ती धातूची. म्हणून आतून कथलाचा मुलामा द्यायचा, तो झिजला की पुन्हा द्यायचा. ‘कल्हई’ हा शब्द अरबी ‘कलई’वरून आला. आणि त्या ‘कलई’चं मूळ ‘कलाह’ नावाच्या बंदरात आहे असं मानतात. मलायाच्या किनाऱ्यावरचं ते बंदर, जिथून अरब व्यापारी कथील आणत. म्हणजे माण तालुक्यातल्या आमच्या गावात पिंपळाखाली अब्बा ओरडायचे ‘कल्हईऽऽ’, तेव्हा ते हजार वर्षांपूर्वीच्या एका बंदराचं नाव पुकारत होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मलाही कळलं ते फार उशिरा.

आठ-नऊ वर्षांचा असताना माझं काम दोन प्रकारचं. मोठ्या पातेल्यात वाळू टाकायची, दोन्ही हात झाडाच्या बुंध्याला टेकवायचे आणि पातेल्यात उभं राहून कंबर हलवत पायांनी ते घासायचं. मग भाता मारायचा. भांडं तापलं की अब्बा नवसागर भुरभुरायचे, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायची. काळ्या भांड्यात एका फेऱ्यात चांदणं पडायचं. कविता लिहायला लागल्यावर अशी ओळ आपल्याला साधावी असं फार वाटलं. अजून साधलेली नाही.

गावातल्या सगळ्या जातींची भांडी अब्बांच्या हातून जात. ज्या घरी आम्हाला पाणी वरून ओतलं जाई, त्या घराचं दुधाचं पातेलंही. कारण ते आगीतून निघे. आग कुणाचा हात लागला ते विचारत नाही. “चाचा, नीट करा हं, देवाच्या नैवेद्याचं हाय,” असं एखादी काकू बजावून जायची. अब्बा म्हणायचे, “फिकीर करू नका वहिनी.” मला तेव्हा यात काही विशेष वाटलं नाही. आता वाटतं.

आपल्याकडच्या मुसलमान घरांत तांब्याची भांडी जास्त असत, हिंदू घरांत पितळेची. आमच्याकडे देगची, सैनी, लगन आणि तोटीचा बदना. अम्मानं लग्नात आणलेल्या सैनीवर नानांचं नाव मात्र देवनागरीतच होतं. नाव घालणाऱ्याला तेवढंच येत होतं.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी भांडी साठत नसत. त्याचं कारण संयम वगैरे नव्हे, त्याचं कारण ‘मोड’. जुनं, पिचकलेलं भांडं दुकानात नेलं की तराजूत घालायचे, धातूच्या भावानं त्याचे पैसे वजा करायचे आणि वरची रक्कम व मजुरी देऊन नवं भांडं घ्यायचं. म्हणजे धातू तोच, फक्त आकार नवा. आजीचा गंगाळ आईचा हंडा व्हायचा आणि मुलीची कळशी. भांडं म्हणजे बाईच्या हातातलं दागिन्याखालोखाल चलन. ते गहाण पडे, सुटे, विकलं जाई. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनच्या लोकांनी दागिने, गुरं आणि भांडी विकली आणि मगच गाव सोडलं. कायद्यालाही हे माहीत होतं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६० वं कलम जप्तीबद्दल आहे. कर्जदाराचं काय जप्त करता येणार नाही त्याची यादी तिथे आहे आणि तिच्या आरंभीच गरजेपुरते कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण येतं. तो कायदा आजही लागू आहे. दुसऱ्या महायुद्धात तर धातूची इतकी टंचाई झाली, की १९४३ मध्ये सरकारनं पैशाच्या नाण्याला मधोमध भोक पाडून तांबं वाचवलं.

मधल्या काळात अ‍ॅल्युमिनियम आलं. १८८६ मध्ये ते स्वस्तात काढण्याची रीत सापडली आणि १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची भांडी करवून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याला ‘जर्मन’ म्हणत, कोणी ‘जर्मल’. हलकं, स्वस्त, कल्हई नको. पण त्याला मान नव्हता. जर्मनची थाळी वसतिगृहात आणि दवाखान्यात. लग्नाच्या रुखवतात ती कुणी मांडली नाही.

मान मिळवला स्टीलनं. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता. क्रोमियम मिसळलेल्या एका नमुन्यावर गंज चढेना. बंदुकीऐवजी त्याच्या सुऱ्या झाल्या, आणि फिरत फिरत ते आपल्या चुलीपाशी आलं. आपल्याकडे बराच काळ ते बाहेरूनच यायचं, म्हणून महाग होतं आणि म्हणून प्रतिष्ठेचं. तामिळनाडूत सेलमच्या पोलाद कारखान्याची पायाभरणी इंदिरा गांधींनी १९७० मध्ये केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून स्टेनलेस स्टीलचे पत्रे निघू लागले. दिल्लीत वजीरपूर, हरियाणात जगाधरी, आपल्याकडे भाईंदर, असे भांडी करणारे गाळ्यांचे पट्टे उभे राहिले. पुढे निकेल कमी करून मँगनीज घातलेलं आणखी स्वस्त स्टील आलं. जगात इतरत्र स्टेनलेस स्टील कारखान्यांत, पुलांत, यंत्रांत गेलं. भारतात कित्येक वर्षं त्याचा सिंहाचा वाटा स्वयंपाकघरात गेला.

स्टील कळकत नाही. स्टील झिजत नाही, फुटत नाही. आणि स्टीलला मोड नाही! म्हणजे भंगारात चार पैसे येतात, पण पितळेसारखी त्याची मोड देऊन नवं भांडं घ्यावं असं काही नाही. गोम इथेच आहे. पितळेचं भांडं घरात यायचं ते जुन्याला बाहेर काढून. स्टीलचं नुसतंच येत राहिलं. लग्नाचा आहेर, बारशाची वाटी, संक्रांतीचं वाण, वास्तुशांतीचा डबा, निवृत्तीचं ताट. मग दुपारच्या वेळी दारात बोहारीण. तीन जुनी लुगडी आणि एक पँट दिली की एक पातेलं. कपडे पूर्वी गोधडीत जात, आता त्यांचीही भांडी झाली. बाजारात पाट्या लागल्या, ‘नाव घालून मिळेल’. यंत्रानं मिनिटात नाव घालून मिळू लागलं. मला आलेल्या एका पुरस्कारातही शालीबरोबर स्टीलचा डबा होता. कवितेला मोड नसतेच, त्यामुळे मी तक्रार केली नाही.

अब्बांचा भाता साधारण १९८५ पर्यंत कसाबसा चालला. कुणी त्यांना नको म्हटलं नाही. पिंपळाखाली येणारी भांडी फक्त कमी होत गेली. शेवटी शेवटी मोहरमच्या सुमारास दर्ग्याच्या देगा आणि देवळाच्या भंडाऱ्याची पातेली, एवढंच काम उरलं. मग ते एका गोदामावर राखणीला जाऊ लागले. आणि याच काळात अम्मा बोहारणीशी तास तास घासाघीस करून स्टील जमवत होती. ज्या धातूनं नवऱ्याचा धंदा खाल्ला तोच ती माळ्यावर रचत होती. मी कॉलेजात होतो, मला मोठी विसंगती सापडल्याचा आनंद झाला. तिला म्हणालो तसं. ती म्हणाली, “तेरे अब्बा के हातां देखे क्या कभी? बहनों की शादी में क्या दूं मैं, कविता?” अब्बांच्या बोटांची कातडी नवसागरानं आणि आसिडानं फाटलेली असायची. मी त्यानंतर तो विषय काढला नाही. आज माळ्यावरच्या वाट्या बघून हसणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की आयुष्यभर उसनी भांडी आणून पाहुणचार केलेल्या बाईला पंचवीस माणसांची पंगत आपल्याच भांड्यांत वाढता येणं ही काय चीज होती, ते आपल्याला कळायचं नाही.

आता तो हंडा. हंड्याला कल्हई लागत नाही, म्हणजे तो कामासाठी आलेला नव्हता. १९७२ चा दुष्काळ. आमच्या भागात विहिरी आधीच्याच वर्षी खडखडीत झाल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनवर लाल मिलो आणायचा. मी तेव्हा पाळण्यात. बहिणीनं अम्माकडून ऐकलेलं असं, की वरच्या आळीतली एक बाई रात्री हंडा पदराखाली घेऊन आली. सावकाराकडे नेला तर चार लोकांत होईल, म्हणून इथे. दोन पायली ज्वारी घेऊन गेली. “पाऊस झाला की सोडवून न्हेते, चाचा,” म्हणाली. पाऊस झाला त्याआधीच ते घर पोट भरायला पुण्याच्या बाजूला गेलं. अब्बांनी पितळेचा भाव किती वर गेला तरी हंडा मोडला नाही. धंदा बसला तेव्हाही नाही. “अमानत है, हात नक्को लगाव,” एवढंच.

हंड्यावर ठोक्याठोक्यांच्या टिंबांनी मजकूर घातला होता. चि. सौ. कां. अमुक हिस, मामांकडून, वैशाख शके १८८०. म्हणजे १९५८. नाव सांगत नाही. गावातल्या ओळखीतून पत्ता लागायला दोन महिने गेले. ती बाई बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. लेक भेटली, साठी ओलांडलेली, फ्लॅटमध्ये मुलाकडे राहणारी. मी हंडा रिकामा नेला नव्हता. रिकामं भांडं परत करू नये, हे आमच्याकडेही पाळतात, म्हणून तळाशी पाच किलो गूळ घातला होता. त्या बाईंनी चष्मा लावून मजकूर वाचला, मग चष्मा काढून बोटानं वाचला. म्हणाल्या, “आईच्या लग्नाचा आमच्याकडं फोटो नाही, पत्रिका नाही. साल पण माहीत नव्हतं.” मग दोन पायली ज्वारीचे किती द्यायचे असं विचारू लागल्या. मी उठलोच.

सूनबाई म्हणाल्या, हंडा ठेवायचा कुठे, माळ्यावर तर जागाच नाही. पण ठेवला त्यांनी. निघताना माझ्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला, स्टीलचा, झाकणावर त्यांच्या वास्तुशांतीची तारीख. लाडू केव्हाच संपले. डबा अजून आमच्याकडेच आहे, आणि रिकामा कसा परत करायचा म्हणून बायको ईदची वाट बघते आहे.