घोड्याचा सौदा आणि बिदरचे दर्शन

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा हिसकावून घेतला आणि परत हवा तर धर्म बदल, अशी अट घातली. एका खोरासानी सरदाराच्या रदबदलीने घोडा सुटला व पुढे बिदरला विकला गेला. निकितिनच्या टिपणांचे खरे मोल मात्र त्याच्या नजरेत आहे. बिदरच्या बहमनी सुलतानांच्या राजवाड्याला सात दरवाजे, प्रत्येकावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होई. दगडावरचे कोरीवकाम, त्यावरचा सोन्याचा मुलामाही त्याने टिपला. शिवरात्रीला तो श्रीशैलमलाही गेला. रशियात खपेल असा माल त्याला मिळाला नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ तो वारला. चौलजवळच्या रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे.