दिनविशेष : १६ डिसेंबर २०१४
रिहाना प्यूमाची क्रिएटिव्ह डायरेक्टर

जर्मनीतील हेर्त्सोगेनआउराख या गावात मुख्यालय असलेल्या ‘प्यूमा’ या क्रीडावस्तू कंपनीने २०१४ मध्ये आजच्या दिवशी बार्बाडोसच्या गायिका रिहाना हिची महिला विभागाची क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणून नेमणूक जाहीर केली. करार अनेक वर्षांचा होता आणि काम जानेवारी २०१५ पासून सुरू व्हायचे होते.

खेळाडू-कलावंतांचे चेहरे जाहिरातीत लावण्याची रीत जुनीच. कृष्णवर्णीय कलावंतांनी बूट खपवून द्यायचे आणि निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचे, हेही बाजाराच्या अंगवळणी पडले होते. रिहानाला मात्र वस्तू घडवण्यातच वाटा मिळाला. असली पदे पुष्कळदा शोभेची असतात. त्यामुळे तेव्हा अनेकांनी नाके मुरडली असतील, तर नवल नाही. उत्तर बुटानेच दिले. प्यूमाच्या जुन्या ‘स्वेड’ बुटाला तिने जाडजूड, उंच तळ लावला. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेला हा ‘क्रीपर’ काही तासांतच संपला. पुढच्याच वर्षी ‘फुटवेअर न्यूज’ या नियतकालिकाने त्याला वर्षातील सर्वोत्तम बुटाचा मान दिला. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

या नेमणुकीचे मोल आजही आहे, कारण गाण्यावर मिळालेली पत पुढे धंद्याच्या सूत्रांपर्यंत पोहोचली. २०१७ मध्ये तिची ‘फेंटी ब्यूटी’ ही सौंदर्यप्रसाधने ४० छटांच्या फाउंडेशनसह बाजारात आली. सावळ्या-काळ्या त्वचेला जुळणारी छटा शोधून दमलेल्या ग्राहकांना त्याचे महत्त्व लगेच उमगले. २०१९ मध्ये ‘एलव्हीएमएच’ या फ्रेंच समूहात फॅशन हाउसची प्रमुख होणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.