शब्दवेध : राबता

तुळजापूरच्या देवळात, धाराशिवच्या ख्वाजा शमशुद्दीन गाझी दर्ग्यात भाविकांचा ‘राबता’ असतो. शब्द मूळचा अरबी; र-ब-त म्हणजे बांधणं. त्याच कुळातला ‘रुबात’: आधी सरहद्दीवर घोडे बांधायचं ठाणं, पुढे यात्रेकरूंची धर्मशाळा. किती सुंदर प्रवास हा!

काबा असलेल्या मक्केत आणि ६२२ साली पैगंबरांना आसरा देणाऱ्या यस्रिबमध्ये, म्हणजे आजच्या मदिनेत, हैदराबाद संस्थानाच्या रुबाती उभ्या राहिल्या. धाराशिव १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होतं. जिल्ह्याचं ‘उस्मानाबाद’ हे नाव २०२३ मध्ये बदललं, पण रुबातीचा हक्क जुन्या हद्दीवरून ठरतो. म्हणून मराठवाड्यातल्या हाजींनाही मक्केतल्या रुबातीत मोफत मुक्कामासाठी अर्ज करता येतो.