छपरावरच्या विजेचे मोल

घराच्या छपरावर वीज निर्माण करणाऱ्या गृहस्थाला सरकार पैसे देते, असे आपण सर्रास बोलतो. परंतु ज्या जर्मनीत ही पद्धत खऱ्या अर्थाने रुजली, तेथे हे पैसे कित्येक वर्षे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वीजबिलातून येत होते. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे या इतिहासातील भांडणही उलगडू लागते.

प्रारंभ झाला तो 1990 च्या डिसेंबरात संमत झालेल्या कायद्याने. त्याचा पुरस्कार करणाऱ्यांत मात्तियास एंगेल्सबेर्गर हे बव्हेरियातील सनातनी पक्षाचे, तर वोल्फगांग डॅनियल्स हे हरित पक्षाचे. एरवी हे दोघे एका बाकावर बसले नसते! एंगेल्सबेर्गरांच्या डोळ्यांपुढे सूर्य नव्हताच. ओढ्यानाल्यांवर लहानसहान जनित्रे चालविणाऱ्या गावकऱ्यांना वीजकंपन्या कवडीमोल भाव देत, हे त्यांचे दुखणे. कायद्याने कंपन्यांना अशी वीज घेणे भाग पडले. सौर व पवनविजेला ग्राहकांकडून मिळणाऱ्या सरासरी दराच्या नव्वद टक्के, म्हणजे युनिटमागे सुमारे 17 फेनिग, मिळू लागले. पवनचक्क्यांना ते पुरले. सौरविजेचा खर्च मात्र त्या काळी दोन मार्कांच्या घरात होता. मिळणारा भाव त्याचा दहावा हिस्साही नव्हता.

येथे आखेन नगरीचे नाव घेतले पाहिजे. वोल्फ फॉन फाबेक हे निवृत्त लष्करी अधिकारी. 1986 मध्ये स्थापन झालेल्या तेथील सौरऊर्जा मंडळाचे ते प्रवर्तक. त्यांचे म्हणणे सरळ होते: कोळशाच्या विजेचा खर्च अधिक वाजवी नफा आपण बिलातून देतोच ना, मग सूर्याच्या विजेलाही तोच न्याय लावा. नगरसभेने 1992 मध्ये हे मान्य केले; परंतु कंपनीची नाखुषी आणि दर ठरविणाऱ्यांची परवानगी यांत वर्षे गेली. अखेर 1995 मध्ये युनिटला सुमारे दोन मार्क, तेही वीस वर्षे, असा भाव सुरू झाला. त्यासाठी सर्व ग्राहकांचे दर फार तर एक टक्क्याने वाढवावयाचे होते. दरम्यान हामेलबुर्ग या छोट्या गावाने 1993 मध्येच असा भाव देऊन पुढचे पाऊल टाकले होते. तेथील नगरसेवक हान्स-योसेफ फेल पुढे संसदेत गेले आणि हेर्मान शेअर प्रभृतींबरोबर त्यांनी हीच कल्पना देशाच्या कायद्यात आणली. 1 एप्रिल 2000 पासून सौरविजेला युनिटमागे 99 फेनिग, वीस वर्षांच्या हमीने, मिळू लागले. 2002 पासून नव्याने येणाऱ्यांचा भाव दरसाल पाच टक्के कमी होणार होता. माझ्या मते कायद्यातील शहाणपण या उतरंडीत होते. कारखानदाराला स्वस्त होणे भागच पडले.

जुन्या कायद्याविरुद्धचा वाद मात्र लक्झेंबुर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता. 13 मार्च 2001 रोजी निकाल लागला: पैसा सरकारी तिजोरीतून जात नाही, म्हणून हे सरकारी साहाय्य नव्हे. कायदा तरला.

पण भार हलका राहिला नाही. 2012 च्या अखेरीस सौरसंचांची क्षमता तीस हजार मेगावॅटांपलीकडे गेली, आणि 2017 मध्ये ग्राहकांवरील अधिभार युनिटला 6.88 सेंट, म्हणजे घरगुती दराच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक, झाला. विजेवर चालणारे बडे कारखाने यातून बव्हंशी सुटले. ज्याचे स्वतःचे छप्परच नाही असा भाडेकरू मात्र बंगलेवाल्याच्या छपरासाठी दरमहा पैसे मोजीत राहिला. या आक्षेपाला समर्थकांनी मनापासून उत्तर दिले असे मला वाटत नाही. संच जगभर स्वस्त झाले ते याच मागणीमुळे, आणि पुढे चिनी कारखान्यांमुळे, हे खरे. परंतु भाडेकरूची पावती त्याने कमी झाली नाही.

1 जुलै 2022 पासून हा अधिभार बंद झाला व बोजा सरकारी तिजोरीवर गेला. तोवर 2000 सालच्या पहिल्या मानकऱ्यांची वीस वर्षांची मुदत 31 डिसेंबर 2020 रोजी संपलीही होती. संच मात्र चालूच होते; त्यांच्या विजेला आता बाजारभाव मिळू लागला.